सेठाणींचा घुंघट आणि न्हाणीघराची काच

हल्ली माझी नात मोबाइलवर दोन बोटं फाकवते आणि फोटोतला माणूस हवा तेवढा मोठा करते. नाकावरचा तीळ बघून झाला की बोटं मिटते, माणूस परत लहान. मी नुसता बघत बसतो. कारण एका बाईला एवढंच मोठं करायला मी एकदा स्वतःच्या न्हाणीघराची काच उचकटली होती, शेजारची पिठाची गिरणी बंद पाडली होती आणि अख्ख्या गल्लीतल्या बायकांची बोलणी खाल्ली होती. जळगावात स्टुडिओ चालवून मी काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मी ही एकच हकीकत सांगतो.

लोकांना वाटतं, फोटोग्राफरचं काम उजेडातलं. उजेडात फक्त ‘हनुवटी खाली’ म्हणायचं असतं. खरा धंदा अंधाऱ्या खोलीतला. तिथे एन्लार्जर नावाचं यंत्र असतं. वर दिवा, दिव्याखाली निगेटिव्ह, त्याखाली भिंग आणि तळाशी कागद. दिवा लावला की निगेटिव्हची सावली मोठी होऊन कागदावर पडते. मग तो कागद औषधात बुडवला की पांढऱ्यातून माणूस वर येतो. हे मी हजारो वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी मान खाली घालून बघायचोच.

गिऱ्हाइकांची समजूत मात्र अशी की, फोटो मोठा केला की त्यात नसलेलंही दिसू लागतं. साक्रीकडचे एक आबा वडिलांचा बाजूने काढलेला फोटो घेऊन आले. म्हणाले, "वडिलांची भिकबाळी पलीकडच्या कानात होती. ती दाखवा." मी म्हटलं, "आबा, पलीकडचा कान फोटोत नाही." आबा म्हणाले, "मग मोठा करा ना. येईल तो हळूहळू." शेवटी मी अलीकडच्या कानावर ब्रशने भिकबाळी काढून दिली. आबा खूश झाले, आणि वडील काही तक्रारीला आले नाहीत.

एरंडोलच्या सेठजींची गोष्ट मात्र ब्रशने भागण्यातली नव्हती.

सेठजी कापसाचे जुने व्यापारी. घराणं दोन-तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, बोलणं आपलंच मराठी, फक्त रागावले की मारवाडी. त्यांच्या मुलांच्या लग्नांचे फोटो मीच काढले होते. सगळ्या अल्बमांत सेठजींच्या पत्नीची, केसरबाईंची, पाठ आहे. कॅमेरा वर केला की त्या वळायच्याच. एका अल्बममध्ये तर त्या फक्त कोपर आहेत. सुनांनी फार आग्रह केला की त्या दिवाणखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "एक काढलाय ना? दुसरा कशाला?"

तो ‘एक’ म्हणजे लग्नातला फोटो. पिवळा पडलेला, वहीच्या पानाएवढा. अठरा-एकोणीस वर्षांचे सेठजी फेट्यात, ताठ. शेजारी नवरी, छातीपर्यंत घुंघट.

केसरबाई गेल्या, त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. साल सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी, ते आता नक्की आठवत नाही. सेठजी थोरल्या मुलाला, कांतिलालला, घेऊन माझ्या स्टुडिओत आले. मांडीवर पिशवी. पिशवीत कापूस आणि कापसात गुंडाळलेली काच. शाळेतल्या पाटीएवढी. ती त्या लग्नाच्या फोटोची मूळ निगेटिव्ह होती. त्या काळी आमच्याकडे फिल्म पोचली नव्हती, काचेवरच फोटो काढत.

"हिच्यावरून माणसाएवढा फोटो करा," सेठजी म्हणाले. "ओढणी झिरझिरीत होती, मला पक्कं आठवतं. लहान फोटोत चेहरा दिसत नाही, कारण तो फोटो लहान आहे."

मी काच उजेडात धरली. जुन्या काचा लाल रंगाला आंधळ्या असत. नवरीची लाल ओढणी त्यांना काळीच दिसायची. मी तसं सांगितलं.

"आंधळा तर मीही होत चाललोय भाऊ," सेठजी म्हणाले. "मोतीबिंदू आहे. तरी मोठं असलं की दिसतं मला."

कांतिलाल मागून मला हाताने खुणावत होता, नाही म्हणू नका. सेठजींनी काचेवरचा कापूस हलकेच झटकला.

"डोळे मिटले की मला दवाखान्यातली केसर दिसते. नाकात नळी, तोंड वासलेलं. त्याच्या आधीची आठवतच नाही. पन्नासहून जास्त वर्षं संसार केला, आणि एवढी एकच राहिली. वर्षश्राद्धाच्या आत मला आधीची पाहिजे."

यावर नाही कसं म्हणणार? शिवाय खरं सांगायचं तर मलाही हाव सुटली होती. एवढ्या मोठ्या काचेत डोळ्याला न दिसणारं खूप काही दडलेलं असतं. धुळ्याला माझ्या उस्तादांकडे मी पाहिलं होतं, काचेतल्या मिरवणुकीतल्या माणसाच्या अंगरख्याची बटणं मोजता यायची. ओढणीतून नाकाची रेघ तरी सापडेल, असं मलाही वाटून गेलं.

अडचण एकच. माझ्या एन्लार्जरला जास्तीत जास्त काड्यापेटीहून थोडी मोठी निगेटिव्ह चालायची आणि ही काच पाटीएवढी. कांतिलाल व्यवहारी माणूस. म्हणाला, "मग त्यातली बाई तेवढी कापून घ्या." सेठजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून चहा सांगायला गेला.

काचेचा पुन्हा फोटो काढून लहान निगेटिव्ह करता आली असती. पण मग बारीकसारीक तपशील मरतो, आणि आम्ही तर बारीकसारीकच शोधायला निघालो होतो. दोन दिवस विचार करून माझ्या लक्षात आलं की कॅमेरा आणि एन्लार्जर ही एकच वस्तू आहे, फक्त उलटी. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड आत येतो, एन्लार्जरमध्ये आतला बाहेर जातो. उस्तादांनी दिलेला भात्याचा सागवानी कॅमेरा माझ्याकडे होता. त्याच्या पाठीत ही काच बसवायची, मागे दिवा लावायचा, की भिंगातून चित्र समोरच्या भिंतीवर पडणार.

पहिल्यांदा मी एन्लार्जरचं वरचं डोकं काढून त्या खांबाला हा कॅमेरा उलटा टांगला. खांब नम्रपणे वाकला. कॅमेरा घसरत खाली आला, तो मी छातीवर झेलला. मग शहाणपण सुचलं आणि कॅमेरा टेबलावर आडवा ठेवला.

दिव्यासाठी शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा कापला आणि आत बल्ब लावले. एका बल्बने मधोमध दुपार आणि कडांना संध्याकाळ झाली, म्हणून चार लावले. थोड्या वेळात डबा तापला, पत्र्याला चिकटलेलं जुनं तेल कढलं आणि अंधाऱ्या खोलीतून भज्यांचा वास सुटला. बाहेर पासपोर्ट फोटोला आलेल्या एका मास्तरांनी विचारलं, "भाऊ, जोडधंदा सुरू केला का?" डबा सोड्याने घासला, मागे पंखा लावला. पंख्याच्या वाऱ्याने कॅमेऱ्याचा भाता धापा टाकू लागला. मग पंखा दुसऱ्या टेबलावर नेला.

उजेड सगळीकडे सारखा पसरायला दुधी काच लागते. सुटी काच लगेच मिळेना. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीला मात्र अगदी मापाची होती.

काच काढून झाल्यावर बायको परसदारी उभी राहिली. "अहो, सेठाणींचा घुंघट उघडायला माझं न्हाणीघर उघडं पाडलंत?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे."

"मग चार दिवस तुम्ही बाहेर चादर धरून उभे राहा."

मी उभा राहिलो. चारांचे पंधरा दिवस झाले.

एवढ्या मोठ्या कागदाला औषधात बुडवायला तसंच मोठं भांडं हवं. कढया, पराती यांचा धातू औषधाला चालत नाही. पण जळगावात आणि प्लॅस्टिकच्या पाइपाला तोटा? शेतात घालायचे जाड पाइप उभे चिरून घेतले, टोकं बुजवली आणि तीन लांब पन्हळी झाल्या. त्यात कागदाची गुंडाळी पुढून मागे, मागून पुढे फिरवायची. गवंड्याचा ओळंबा लावून कॅमेरा आणि भिंत समोरासमोर आणली. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा भिंतीवर सेठजींचं लग्न डोकं खाली पाय वर लागलं होतं. फेटा काळा, चेहरा काळा आणि नवरीच्या घुंघटाच्या जागी लख्ख पांढरा चौकोन. निगेटिव्हमध्ये सगळं उलटंच असतं. तो पांढरा म्हणजे काच तिथे जवळजवळ कोरी होती. मी ते मनावर घेतलं नाही, हाव माणसाला असंच करते.

उजेड मंद आणि चित्र मोठं, म्हणून कागदाला बराच वेळ उजेड दाखवावा लागे. तेवढ्यात काही हललं की चित्र पुसट. आणि माझ्या भिंतीला भिंत लावून सुपडूभाऊंची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की माझ्याकडचे सगळे फोटोतले नवरदेव थरथरायचे. मी जाऊन विनंती केली, की रोज दुपारी थोडा वेळ गिरणी बंद ठेवा.

सुपडूभाऊ मूळचे धरणगावकडच्या खेड्यातले. अंगावरचं पीठ झटकत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, एक इचारू का? तू फोटो मोठा करशी त् घुंघट बी मोठा व्हई. मंग तोंड कसं दिखी?"

मी त्यांना बारीक तपशील, काचेची ताकद वगैरे सांगितलं. ते म्हणाले, "गिरनी बंद करसू मी. पन ह्या बठ्ठ्या बायास्ले तूच समजाव."

सगळ्या बायका कळण्याच्या ज्वारी-उडदाचे आणि नुसत्या ज्वारीचे डबे घेऊन रांगेत उभ्या. मी समजावलं. परिणाम असा झाला की त्या सगळ्या डब्यांसकट माझ्या स्टुडिओत येऊन बसल्या. कुणी हलायचं नाही, अशी ताकीद दिली. ताकद लावून बसलेल्या आठ-दहा बायका मी पहिल्यांदाच पाहिल्या. मी आत जाऊन दिवा लावला की बाहेरून हलक्या आवाजात यायचं, "दिखनी का वं?" "कितला येळ शे आखो?"

त्या दिवशीचा कागद औषधात घातला आणि तव्यासारखा काळा झाला. नवरा नाही, नवरी नाही, काहीच नाही. मला काही समजेना. किती वेळ उजेड दाखवायचा, त्याच्या सगळ्या चाचण्या आदल्या दिवशी बरोबर आल्या होत्या. मग डोक्यात उजेड पडला. चाचण्या मी गिरणी चालू असताना घेतल्या होत्या. गिरणी चालू असली की आमच्या लाइनीवरचे दिवे मिणमिणायचे, बंद झाली की दिवे भकभकून पेटायचे. गिरणी बंद केली, कागदाला उजेड जास्त झाला आणि तिथेच माझं गणित कोसळलं. म्हणजे आता चाचण्याही गिरणी बंद ठेवून. गल्लीत त्या आठवड्यात भाकरी कमी आणि भात जास्त शिजला, असं बायको सांगते.

अखेर एक कागद साधला. पन्हळीतून गुंडाळी फिरवता फिरवता लाल दिव्यात फेटा वर आला, मग सेठजींचं पोरसवदा तोंड, मग ओढणीची गोट्याची, जरीच्या फितीची, किनार. मी श्वास रोखून घुंघटाकडे बघत होतो. तो काळा होत गेला, आणि काळाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सेठजी आले, तेव्हा फोटो भिंतीला लावलेला होता. सेठजींची खुर्ची मी अगदी जवळ ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, फोटोजवळ नाक नेलं आणि घुंघटाच्या काळ्या भागावरून सावकाश नजर फिरवली. डावीकडून, उजवीकडून. कांतिलाल छताकडे बघत होता. मला तोंड कुठे लपवावं कळेना. पंधरा दिवस मी त्या माणसाला आशेवर ठेवलं होतं.

तेवढ्यात बायको आत आली. तिला न्हाणीघराची काच परत हवी होती. फोटोसमोर ती थबकली.

"अहो, नवरीच्या बांगड्या दोऱ्याने का बांधल्यात?"

मी पुढे झालो. खरंच, लाखेच्या बांगड्या मधोमध चिरलेल्या होत्या आणि दोऱ्याने मनगटावर आवळलेल्या होत्या. बायको म्हणाली, "हातात जात नसतील. केवढा हात आहे! हा काय मुलीचा हात आहे?"

सेठजींनी घुंघट सोडून प्रथमच हाताकडे पाहिलं. गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात. हाडं वर आलेली, करंगळीला वरचं पेरच नाही. सेठजींनी आपलं बोट त्या करंगळीवर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हा फूलचंद आहे," ते म्हणाले.

"कोण फूलचंद?" मी विचारलं.

"माझा साला. केसरचा मोठा भाऊ. लहानपणी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या यंत्रात, बोट गेलं होतं त्याचं."

फूलचंदजी बोदवडला राहत होते. कांतिलालने निरोप धाडला आणि ते दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने हजर झाले. सत्तरी पार केलेला ताठ गडी, पिळदार पांढऱ्या मिशा, डोक्यावर पगडी. फोटोसमोर उभे राहिले, आपली करंगळी बघितली, फोटोतली बघितली आणि मटकन खाली बसून एवढे हसले की खोकल्याची उबळ आली.

"केसरबाई घाबरली हो," ते डोळे पुसत म्हणाले. "धुळ्याहून फोटोवाला आलेला. तो काळ्या कापडात शिरला आणि तिने किंकाळी फोडली. म्हणे, हा एका डोळ्याचा डबा जीव ओढून घेतो. वरात खोळंबली. मग काकीने मला ओढणी घातली आणि बसवलं. मला मिशी फुटली नव्हती तेव्हा."

"मी शेजारी बसलो होतो," सेठजी म्हणाले.

"तुम्हाला मान हलवायची नव्हती, जीजाजी. फोटोवाल्याने दम दिला होता. तुम्ही तर श्वाससुद्धा घेत नव्हतात."

मला हसू आवरेना. कांतिलालचा चेहरा मात्र पडला होता. "मामाजी, वर्षभर आम्ही त्या फोटोला हार घालतोय. रोज. उदबत्ती लावून."

मामाजींचं हसू थांबलं. "मला? जिवंतपणी?" ते उठून उभे राहिले. "तरी म्हटलं, गेल्या दिवाळीपासून गुडघे का धरले! आधी तो हार काढा."

कांतिलालने कबूल केलं. सेठजी फोटोकडे पाठ करून खुर्चीत बसून राहिले.

"म्हणजे तिचा फोटो नाहीच," ते म्हणाले. "एकही नाही."

एवढा खटाटोप करून मी त्यांच्याकडे होता नव्हता तो फोटोही काढून घेतला होता. पिवळा का असेना, काल सकाळपर्यंत त्यांची बायको भिंतीवर होती.

मग सेठजी मामाजींकडे बघू लागले. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, अगदी मी गिऱ्हाइकाकडे बघतो तसे.

"फूलचंद, तोंडवळा तिचाच आहे तुझा. मिशी काढशील?"

मामाजींच्या घरात मिशी फक्त बाप गेल्यावर काढतात. त्यांनीही आयुष्यात तेव्हा एकदाच काढली होती. हात आपोआप मिशीवर गेला, दोन्ही टोकांवरून फिरला. मग त्यांनी पगडी काढून टेबलावर ठेवली, पायऱ्या उतरले आणि समोरच्या केशकर्तनालयात जाऊन बसले.

तोवर मी भात्याच्या कॅमेऱ्यातून काच काढली, मागचा तेलाचा डबा हटवला आणि त्याचा पुन्हा कॅमेरा केला. मामाजी परतले, ते निराळेच दिसत होते. वरचा ओठ पांढराफटक, लहान पोरासारखा. बायको घरातून आपला लाल शालू घेऊन आली. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोक्यावरून पदर ओढला, चेहरा उघडा ठेवून. सुपडूभाऊ दारात उभे होते, मागे दोन-तीन बायका. कुणी हसलं नाही.

सेठजींना मी काळ्या कापडात नेलं. आत कॅमेऱ्याच्या स्वतःच्या दुधी काचेवर चित्र दिसतं, उलटं. तसं सांगितलं तर म्हणाले, "असू दे." मी बाहेरून भिंग पुढे-मागे करत राहिलो. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कुठे नेमकं दिसेल, ते मला ठाऊक नव्हतं. "थोडं मागे," ते म्हणाले. मग, "बस. तिथेच."

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. एकदा आतून आवाज आला, "फूलचंद, जरा खाली बघ. रुसल्यासारखं." मामाजींनी मान खाली घातली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण ते हलले नाहीत. काळं कापड मात्र वरखाली होत होतं.

मी प्लेट भरून तयार होतो. एक बटण दाबायचा अवकाश, की वर्षश्राद्धाला फोटो तयार झाला असता. कापड बाजूला करून मी हळूच विचारलं, "सेठजी, काढू?"

त्यांनी काचेवरची नजर काढली नाही. फक्त हाताने मला थोपवलं.

"नको भाऊ," ते म्हणाले. "घाबरते ती."